जाळीमागच्या दोन दुनळ्या

मी बंदुका दुरुस्त करायचो असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "तुम्ही स्वतः कधी चालवली का?" चालवली, हजारदा चालवली. दुरुस्तीनंतर प्रत्येक बंदूक चालवून पाहावीच लागते. नागपूरच्या सदरमधल्या आमच्या दुकानामागं रेतीच्या पोत्यांची भिंत रचली होती, तिच्यावर बार काढायचे. त्या पोत्यांपलीकडे मी आयुष्यात चिमणीसुद्धा मारली नाही. लोकांना हे पटत नाही. मिठाईच्या दुकानातल्या माणसाला गोड आवडत नाही, हे जसं पटत नाही तसंच.

हे काम मी कामठीला शिकलो. छावणीतून निवृत्त झालेले एक उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली. पहिलं वर्षभर त्यांनी मला फक्त नळ्या पुसायला लावल्या. गजाला चिंधी गुंडाळायची, तेल लावायचं, नळीतून आरपार ओढायची आणि मग नळी उजेडाकडे धरून आत बघायचं. नळी साफ असली की आत आरशासारखी गोल गोल वलयं दिसतात. उस्ताद म्हणायचे, "पहले अंदर देख, बाद में बात कर." पुढं सदरच्या दुकानात लागलो आणि तिथंच निवृत्त झालो. दुकान शेठचं, पण गिऱ्हाईक यायचं ते "मिस्त्री आहेत का?" असं विचारत.

बाहेरच्यांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात मिशीवर ताव देणारी माणसं येत असतील. तशी फार थोडी यायची. जास्त करून यायचे ते शेतकरी, संत्र्याचे बागवाले, बँकेचे राखणदार आणि बापाची बंदूक वारशानं गळ्यात पडलेले कारकून. रामदासपेठेतले एक वकीलसाहेब दर दसऱ्याच्या आधी आपली विलायती बंदूक साफ करायला आणायचे. तिची पूजा व्हायची. इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडून एकही काडतूस घेतलं नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "मिस्त्री, काडतूस घेतलं की मग ती बंदूक होईल. आत्ता ती वडिलांची आठवण आहे."

एक पाटील दर लग्नसराईत यायचे. वरात निघाली की हवेत बार काढायची त्यांना भारी हौस. मी दरवेळी बजावायचो, "पाटील, वर गेलेलं खाली येतं." एका वर्षी त्यांच्याच मांडवाच्या छताची चाळण झाली आणि खालच्या आचाऱ्याच्या खांद्यात दोन छर्रे घुसले. त्यानंतर ते बँडवाल्यांना सांगून मोठा ढोल वाजवून घ्यायला लागले.

या अंकाच्या संपादकांनी मला एक मोठा प्रश्न विचारला. काही देशांत घराघरात बंदूक असते म्हणतात. अशानं देश सुरक्षित होतो, की जास्त हिंसक होतो? तुम्ही आयुष्य बंदुकांत घालवलं, तुम्ही सांगा. मी देश पाहिलेले नाहीत. काटोलकडच्या एका गावातले दोन भाऊ पाहिले. त्यांचं सांगतो. नावं बदलली आहेत.

थोरले गणपतराव, धाकटे महादेवराव. वडील असेपर्यंत एकत्र, वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. संत्र्याची बाग अर्धी अर्धी झाली, घरं शेजारी शेजारी झाली, पण विहीर एकच राहिली. भांडणाला विहीर पुरते. पाण्याची पाळी कोणाची, मोटर कोणी आधी लावली, यावरून दोघांत बोलणं बंद झालं होतं.

वडिलांची जुनी एकनळी गणपतरावांकडे आली होती. रानडुकरं हाकायला ती पुरेशी होती. हवेत एक बार काढला की कळप पळायचा. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा एके दिवशी महादेवराव दुकानात आले. हातात नवंकोरं लायसन.

"दुनळी दाखवा जी."

मी दाखवली. त्यांनी खांद्याला लावून पाहिली, वजन पाहिलं. मी सहज म्हटलं, "डुकरांसाठी एकनळी चालली असती. स्वस्तात पडली असती."

"दादाजवळ एकनळी आहे," ते म्हणाले. एवढंच कारण.

ते दुनळी घेऊन गेले. पुढच्या आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी गणपतराव आले. बापाची एकनळी त्यांनी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "हे बदलून द्या. दुनळी पायजे."

"काहून जी? ही तर चांगली चालते."

"मले काय विचारता? त्याले विचारा."

लायसनवर नोंद करून आणायला लावली आणि आम्ही बंदूक बदलून दिली. शेठ खूश होते. एका भांडणात दोन दुनळ्या खपल्या. खोटं कशाला सांगू, मलाही त्या दिवशी त्यात वावगं काही वाटलं नाही.

वाटलं ते काडतुसांवरून. काडतुसात जे शिशाचे दाणे भरतात, त्यांचे नंबर असतात. सहा नंबरचे दाणे बारीक, बाजरीसारखे. पाखरं उडवायला, कळप हाकायला. एल.जी. म्हणून एक असतं, त्यात मोजकेच दाणे आणि प्रत्येक वाटाण्याएवढा. त्यानं मोठं जनावर जागीच पडतं. कोण कोणतं काडतूस मागतो, यावरून त्याच्या मनात काय आहे ते थोडंफार कळतं. दोघं भाऊ आजवर सहा नंबर न्यायचे. त्या हिवाळ्यात गणपतरावांनी एल.जी. मागितलं.

"डुकराले बारीक छर्रा लागत नाही जी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. मी दिलं. चार दिवसांनी महादेवराव आले आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "दादानं कोणतं नेलं जी?"

"एकाचं दुसऱ्याला सांगता येत नाही."

"मंग जे त्यानं नेलं, तेच मले द्या."

मी सहा नंबरचा डबा पुढं केला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मिस्त्री, मले खुळा समजता का?" शेठ गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांनी एल.जी. काढून दिलं.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारच्या वेळी दुकानात दोन बायका आल्या. आमच्या दुकानात बाई क्वचितच यायची. मोठी चाळिशीची, नऊवारीतली, धाकटी तिशीतली. त्या गणपतरावांच्या सुमित्राबाई आणि महादेवरावांच्या वत्सलाबाई निघाल्या. नवऱ्यांचं बोलणं बंद असलं तरी जावांचं बंद नव्हतं. रामदासपेठेत एका दवाखान्यात माहेरचं माणूस भरती आहे, त्याला बघायला म्हणून घरून निघाल्या होत्या.

मोठी म्हणाली, "मिस्त्री तुमीच का?"

"हो."

"मंग एक काम करा. आमच्या दोघींच्या घरच्या बंदुकी साफ कराले येतील, तवा त्यायचं काही तरी बिघडवून ठेवा. बार निंघाले नाही पायजे."

मी त्यांना बसायला बाकडं दिलं आणि पाणी आणवलं. मग समजावून सांगितलं. बिघडवलेली बंदूक जास्त धोक्याची असते. कधी बार निघत नाही, कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटते. शिवाय मी तसं केलं तर शेठचं लायसन जाईल आणि मी तुरुंगात.

धाकटी पुढं सरली. ती म्हणाली, "परवा पाण्यावरून भांडण झालं. दोघंही घरात गेले आणि बंदूक घेऊन बाहेर आले. नुसते उभे राहिले आपापल्या अंगणात. लेकरं मधात खेळून राहिली होती."

"पूर्वी भांडण झालं त काय करायचे?"

"शिव्या देत," मोठी म्हणाली. "एकदा ह्यायनं ढेकूळ फेकून मारलं होतं. लागलं नाही." मग ती म्हणाली, "सासऱ्याची बंदूक भिताडावर होती तवा मले चोराची भीती वाटत नव्हती जी. आता चोराचा विचारबी मनात येत नाही. ह्या दोघायचीच भीती वाटते."

मी काहीच करू शकत नव्हतो. ठाण्यात तक्रार द्या म्हटलं, तर दोघी एकमेकींकडे पाहून उठल्या. नवऱ्याविरुद्ध ठाण्यात जाणारी बाई त्या काळी त्या गावात राहू शकली नसती. दारातून बाहेर पडताना मोठी म्हणाली, "येतो जी. आमी इथं आलो होतो हे सांगू नका."

पुढं माझ्या मदतीला आली ती निवडणूक. निवडणुका जवळ आल्या की लायसनच्या बंदुका जमा करायचा हुकूम निघायचा. ठाण्यात करा, नाही तर परवानाधारक दुकानात. लोक दुकान पसंत करायचे, कारण ठाण्यात बंदुका लाकडाच्या मोळीसारख्या रचून ठेवत. आमच्याकडे काउंटरमागं लोखंडी जाळी होती, जाळीमागं बंदुका उभ्या करायच्या लाकडी घोड्या होत्या, आणि प्रत्येक बंदुकीला नावाची चिठ्ठी. निवडणूक संपली की मालक पावती दाखवून आपापली बंदूक घेऊन जायचे.

दोघं भाऊ वेगवेगळ्या दिवशी येऊन बंदूक जमा करून गेले. मी एवढंच केलं, दोन्ही दुनळ्या बाजूबाजूला ठेवल्या, अगदी समोरच्या घोडीवर, काउंटरशी उभ्या राहिलेल्या माणसाला चिठ्ठीवरचं नाव वाचता येईल अशा.

निकाल लागले. बंदुका परत जाऊ लागल्या. गणपतराव पावती घेऊन आले. मी किल्ली काढली. त्यांची नजर जाळीवर गेली.

"ह्यानं नेली नाही?"

"नाही अजून."

त्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली. "मंग राहू द्या. मले तरी काय घाई आहे?"

आठ-दहा दिवसांनी महादेवराव. तेही तसेच जाळीसमोर उभे राहिले. "दादाची इथंच आहे?"

"समोर तर आहे."

"मंग माहीही राहू द्या. मी काय भेलो आहे का?"

हे असं पुढं चालूच राहिलं. बाजाराला नागपूरला आले की दोघंही दुकानात डोकावायचे. आत यायचेही नाहीत, पायरीवरून जाळीकडे बघायचे, दोन्ही दुनळ्या दिसल्या की "बरं आहे ना मिस्त्री?" म्हणून निघून जायचे. मी दर महिन्याला त्या दोन्ही बंदुका उतरवून पुसायचो. शेठ वैतागायचे, एवढी जागा दोन बंदुकांनी अडवून ठेवली म्हणून. मी म्हणायचो, बंदुका ठेवल्याचं भाडं येतंय ना.

मनातून मला बरं वाटायचं. आपण एक चांगलं काम केलं, तेही कायद्यात राहून, असं वाटायचं. गणपतराव तक्रार करायचे की डुकरांनी हरभरा खणून काढला, फटाके लावून काही होत नाही. मी ऐकून घ्यायचो. हरभऱ्याचं काय, पुन्हा पेरता येतो.

मग दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या गावाकडून बातमी आली. महादेवरावांच्या घरी चोर शिरले होते. संत्र्याचा माल नुकताच विकला गेला होता, घरात पैसा असणार हे ठाऊक असलेलेच कोणीतरी. दिवेलागणीची वेळ, वीज गेलेली. चौघं तोंडाला फडकी बांधून मागच्या परसातून आले, महादेवरावांना खांबाशी बांधलं आणि वत्सलाबाईंच्या अंगावरचं सोनं काढायला लागले. ती ओरडली. शेजारून गणपतराव काठी घेऊन धावत आले. चोर पळाले, पण पळता पळता त्यांतल्या एकानं कुऱ्हाडीचा दांडा गणपतरावांच्या उजव्या हातावर हाणला. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

ही बातमी मला आमच्याच एका गिऱ्हाइकानं सांगितली. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "दोघांजवळ दुनळ्या आहेत म्हणे. वेळेवर काय कामाच्या?" मी जाळीकडे बघितलं. दुनळ्या समोर होत्या, तेलानं चकाकत. त्या दिवशी माझ्या हातून एकही काम नीट झालं नाही. गणपतरावांचं मनगट माझ्यामुळं मोडलं, असं कोणी म्हटलं नसतं. मीही तसं म्हणत नाही. पण तो विचार डोक्यातून जाईना.

पंधरा दिवसांनी दोघं भाऊ दुकानात आले, आणि एकत्र आले. गणपतरावांचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. दवाखान्यात दाखवून थेट इकडे आले होते. महादेवरावांनी त्यांना बाकड्यावर बसवलं.

"मिस्त्री, माही बंदूक काढा," गणपतराव म्हणाले. "आजच नेतो."

"आणि तुमची?" मी महादेवरावांना विचारलं.

"माही राहू द्या. विकली गेली त विकून टाका."

गणपतराव भडकले. "पाहा, पाहा याचं! घरात चोर घुसले, बायकोच्या गळ्याले हात लावला, आन हा म्हणते विकून टाका! अरे, भिताडावर बंदूक असती त ते भडवे गावात पाय ठेवते का? त्यायले मालूम होतं, दोन्ही बंदुका नागपुरात आहेत म्हणून. सारं गाव हसत होतं आपल्याले."

"ते खरं आहे दादा," महादेवराव म्हणाले. "असती त आलेच नसते कदाचित. पण समज, आलेच असते. घरात अंधार होता. मी तवा बांधलेला नसतो, माह्या हातात भरलेली दुनळी असती. मी काय केलं असतं? पुढच्या दारातून जो पयला आत आला, त्याच्यावर झाडली असती. दोन्ही नळ्या."

"मंग? झाडायचीच होती!"

"पुढच्या दारातून पयला आत तू आला होता, दादा."

गणपतरावांनी गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं. शेठ गल्ल्यावर पैसे मोजता मोजता थांबले. 

मग गणपतराव पुटपुटले, "मी ओरडलो असतो ना. नाव सांगतलं असतं."

"ओरडलाच होता तू. मले 'महाद्या' असं ऐकू आलं. मले वाटलं, बाहेर तुलेच आधी मारून राहिले, आता तेच आत येतील."

गणपतरावांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "तुमी सांगा मिस्त्री. तुमचा धंदा आहे हा. कोण बरोबर आहे?"

मी दोघांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या सगळ्या बंदुका डोळ्यांसमोर आणल्या. थोरला म्हणत होता ते खरं होतं. धाकटा म्हणत होता तेही खरं होतं. आणि जे घडलंच नाही, त्याचा हिशेब कोण मांडणार? मी म्हणालो, "मला नळी साफ करता येते, गणपतराव. हे मला येत नाही."

शेवटी गणपतरावांनी आपली नेली, महादेवरावांनी आपली विकायला ठेवली. मोडक्या हाताच्या माणसाला दुनळी कशी उचलवणार? तेव्हा थोरल्याची बंदूक धाकट्यानं खांद्याला अडकवली. पायरी उतरताना दोघं पुन्हा त्याच गोष्टीवरून भांडत होते, आणि मला त्या भांडणाचं फार बरं वाटलं. विहिरीचा वाद पुढं कधी कानावर आला नाही.

गणपतरावांचं मनगट नीट जुळलं नाही. दुनळी पेलत नसे, म्हणून ती कॅनव्हासच्या खोळीत घातलेली भिंतीवरच राहिली. पुढच्या निवडणुकांना ते ती तालुक्याच्या ठाण्यात जमा करत, नागपूरपर्यंत येणं त्यांना झेपेना. ठाण्यात कोणी नळीत डोकावत नाही. पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, गणपतरावांकडे भरलेली दुनळी असते आणि माणूस तापट आहे. त्या दोन घरांकडे पुन्हा कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

ऐंशी साल उलटून गेल्यावर एका उन्हाळ्यात महादेवराव दुकानात आले. भुवया पांढऱ्या झालेल्या, डोक्याचं नुकतंच मुंडण केलेलं. हातात कॅनव्हासची लांब खोळ. गणपतराव झोपेतच गेले होते. लायसन माणसाबरोबर संपतं, बंदूक जमा करावी लागते, म्हणून आले होते.

मी खोळीतून बंदूक काढली. खोळीच्या पुढच्या टोकाला उंदरानं भोक पाडलेलं होतं. सवयीनं बंदूक बिजागरीपाशी मोडून उघडली, काडतुसं नाहीत ना पाहिलं आणि नळ्या उजेडाकडे धरल्या. काहीच दिसेना. दोन्ही नळ्या बंद. मी गज घातला आणि ठोकला. काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर वाळलेल्या मातीचे गोळे पडले, आत सुकलेल्या अळ्या आणि पंख. कुंभारीण माशी, मातीची घरं बांधते ती. खोळीच्या भोकातून शिरून तिनं नळ्यांमध्ये एकामागं एक घरं बांधली होती. थर पाहता एका उन्हाळ्याचं ते काम नव्हतं.

"म्हणजे बार निंघालाच नसता?" महादेवरावांनी विचारलं.

"निघाला असता. पुढं जायला वाट नसल्यानं नळी फुटली असती. चालवणाऱ्याच्या तोंडाशी."

ते बाकड्यावर बसले. वर्तमानपत्रावरची माती त्यांनी बोटानं चुरडून पाहिली. 

"मिस्त्री," ते म्हणाले, "मी साऱ्या गावाले सांगत फिरायचो, मले बंदुकीची गरज नाही म्हणून. पण ते सारं मी दादाच्या भिताडाकडे पाहून सांगत होतो जी."

मी पावती लिहून दिली. ती घेऊन ते उठले, दारापर्यंत गेले आणि परतले.

"हे खोळ मले वापस देता का?"

खोळीला काही लायसन लागत नाही. मी दिली. ती हातात लोंबकळायला लागली तशी ते ओशाळून म्हणाले, "रिकामी त रिकामीच दिसते. आत टाकाले काही आहे का?"

मागं दस्त्यांसाठी, म्हणजे बंदुकीच्या खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागासाठी, आणलेली सागवानाची एक लांब पट्टी पडली होती. मी ती मापानं कापली, एका टोकाला चिंध्या गुंडाळून दस्त्यासारखी जाड केली, खोळीत सरकवली आणि भोक आतून दाभणानं शिवून टाकलं. महादेवरावांनी खोळ खांद्याला अडकवून पाहिली, जरा वर-खाली केली आणि मान हलवली.

मी त्यांना पोचवायला बस स्टॉपपर्यंत गेलो. उन्हाची वेळ, सावलीत माणसांची दाटी. त्यांच्या खांद्यावरची खोळ पाहून लोक आपोआप बाजूला सरले. बाकड्यावरचा एक धट्टाकट्टा माणूस उठला आणि म्हणाला, "बसा ना काका, बसा." महादेवरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खोळ गुडघ्यांत उभी धरून ते बसले.